कॅप्टनचा डावा गुडघा

कॅप्टन, गेल्या महिन्यात माझा डावा गुडघा बदलला. तुमचाही डावाच होता. घरी आल्यापासून रोज सकाळी एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येते. हुशार आहे, हात चांगला आहे, गुडघा किती वाकतो ते नीट मोजते, पण मान सतत खाली. परवा तिनं पाय वाकवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिला पत्ताच नाही. मी म्हणाले, "अगं, वर बघ. गुडघ्याला तोंड नसतं." ती दचकली. सॉरी आजी म्हणाली. मग दचकायची पाळी माझी होती, कारण हे वाक्य माझं नव्हतं. नोकरीभर मी ते कितीतरी शिकाऊ मुलींना ऐकवलं, इतकं की ते माझंच आहे असं मला वाटायला लागलं होतं. ती गेल्यावर वॉकर पुढे सरकवत टेबलापाशी आले आणि कागद ओढला. तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि तुम्हाला जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली, म्हणजे हे पत्र पोचण्यात एक सोडून दोन अडचणी आहेत. पण इंग्रजीत लिहायला बसले तर मी केसपेपर लिहीन, एवढं मला ठाऊक आहे. आपल्या दोघांचंही इंग्रजी कामापुरतंच होतं.

तुम्हाला पाहायच्या आधी मी तुम्हाला ऐकलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. बहरीनला, मनामा शहरात, झिंजमधल्या त्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि तिसऱ्यावरचं घर क्लबनं भाड्यानं घेतलं होतं. नवीन कोण आलंय ते कळायच्या आधी जिन्यावरची पावलं कळली. चढताना ठीक. उतरताना मात्र एक पाय पडायचा, मग थोडं थांबणं, कठड्यावर हाताचा दाब, मग दुसरा. मी भाकरी थापत होते आणि हे बँकेत जायला बूट घालत होते. मी ह्यांना म्हणाले, वरच्या माणसाचा डावा गुडघा कामातून गेलाय. हे म्हणाले, वरचा माणूस फुटबॉलपटू आहे, पोर्तुगालचा, क्लबनं खास आणलाय, तुझं आपलं काहीतरीच. ह्यांना क्रिकेट सोडून बाकी सगळे खेळ सारखेच परके होते, पण पेपरात आलेल्या प्रत्येक गोष्टीवर विश्वास होता. मी वाद घातला नाही. जिना खोटं बोलत नाही, हे मला मुंबईत शिकतानाच समजलं होतं. माणूस तपासणीच्या खोलीत ताठ चालून दाखवतो आणि बाहेर पडून जिना उतरायला लागला की सगळं सांगून टाकतो.

मग तो शुक्रवार, तिकडचा सुट्टीचा दिवस. गावाहून येताना आईनं बांधून दिलेले सुके बांगडे मी महिनाभर पुरवून वापरत होते. समोरच्या बिऱ्हाडात मांस-मासे चालत नसत, म्हणून खिडकी उघडून, दार लावून, उंबऱ्याशी ओला पंचा सरकवून मी ते भाजायला घेतले. तरी वास जायचा तिथे गेलाच. दारावर टकटक झाली आणि मी आता शेजारणीचं बोलणं ऐकायच्या तयारीनं दार उघडलं, तर तुम्ही. उंच, उन्हानं रापलेले, पांढरा बनियन, आणि हातात ऑलिव्हच्या तेलाची बाटली. काहीतरी म्हणालात आणि बाटली पुढे केलीत. कॅप्टन, आमच्याकडे त्या काळी ऑलिव्हचं तेल औषधांच्या दुकानात मिळायचं, छोट्या डब्यात, तान्ह्या बाळांच्या आणि म्हाताऱ्यांच्या अंगाला चोळायला. ते कुणी खातं असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मला वाटलं, ह्यांनी बढाई मारली असणार, आमची बायको फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून, आणि हा माणूस गुडघा चोळून घ्यायला तेल घेऊनच आलाय. मला थोडा रागही आला, सुट्टीच्या दिवशी, तव्यावर बांगडा असताना. पण त्या जिन्यावरच्या पावलांनी मला आठवडाभर अस्वस्थ केलं होतं. मी तुम्हाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, पँट वर करा अशी खूण केली आणि हातावर तेल घेऊन गुडघ्याला लावायला सुरुवात केली.

तुम्ही आधी तव्याकडे पाहिलंत, मग गुडघ्याकडे, मग ह्यांच्याकडे. हे दारात पेपर हातात धरून उभे. मी चोळता चोळता गुडघा चाचपला आणि हात थांबला, कारण आत गादी अशी उरलेलीच नव्हती आणि वाकवताना वाळूत पाय पडावा तसा करकर आवाज येत होता. माझं झाल्यावर तुम्ही मोठ्या अदबीनं थँक यू म्हणालात, उठलात, बशीतला भाजलेला बांगडा बोटांनी सोडवलात, डब्यातला उकडलेला बटाटा त्यात कुस्करलात आणि उरलेलं तेल त्यावर ओतलंत. बटाट्याला तुम्हीही बटाटाच म्हणता, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही डोळे मिटून खाल्लंत. मला इतकी लाज वाटली की मी ओट्याकडे तोंड करून कांदा चिरत उभी राहिले. हे मात्र पोट धरून हसले, आणि थोड्या वेळानं तुम्हीही. पुढे कितीदा तरी तुम्ही ही हकिकत लोकांना सांगितलीत, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचात, पण गुडघ्याला बरं वाटलं बरं का.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मी काम करायचे त्या क्लिनिकवर आलात. मी तुम्हाला चारदा सांगितलं की मी डॉक्टर नाही, तरी तुम्ही मला दोतोरा म्हणत राहिलात, आणि मीही इतरांसारखी तुम्हाला कॅप्टन म्हणायला लागले. तिकडे खेळाडू काय, कोच काय, सगळ्यांनाच कॅप्टन म्हणत. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि माझ्या हातात दिला. डॉक्टर भला माणूस, जनाबियाला बाग असलेलं घर होतं, मोसमात सगळ्या स्टाफला खजूर आणायचा, पण बोलणं एक घाव दोन तुकडे. तो म्हणाला, आतलं सगळं काढून टाकलेलं आहे, हाडावर हाड घासतंय, ह्यानं मुलांना शिकवावं, स्वतः खेळू नये. एक दिवस गुडघा जागच्या जागी अडकेल आणि मग उचलूनच आणावं लागेल. हे मी तुम्हाला सोप्या इंग्रजीत सांगितलं. तुम्ही मान हलवलीत, जणू ते दुसऱ्या कुणाबद्दल होतं.

मी तुमचा पाय वाकवला, मोजला, लिहिलं, पुन्हा वाकवला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ उचलायला लावला. मी त्या वेळी तरुण होते आणि माझ्या कामाचा मला ताठा होता. पहिल्या आठवड्याच्या शेवटी तुम्ही माझा हात मनगटाशी धरून बाजूला केलात. हळूच, पण बाजूला केलात. म्हणालात, "दोतोरा, तुम्ही बॉलकडे बघत खेळणाऱ्यांपैकी आहात." मला काही समजलं नाही. तेव्हा तुम्ही पुढे म्हणालात, "गुडघ्याला तोंड नाही. दुखतं ते इथे दिसतं." आणि स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवलंत. तुमच्या वरच्या ओठावर घाम होता आणि रंग उतरला होता. मी कितीतरी वेळ तुम्हाला दुखवत होते आणि तुम्ही दात आवळून पडून होतात. मला फार लागलं ते. घरी येऊन मी ह्यांच्यावर चिडले, भाजी करपवली, आणि झोपेपर्यंत तुमच्या बाजूनं एक शब्दही ऐकून घेतला नाही. पण दुसऱ्या दिवशी मी वर बघून काम केलं.

तुमची सगळी कहाणी मला त्या टेबलावर, शेक चालू असताना तुकड्यातुकड्यानं कळली. मशीन लावलं की पंधरावीस मिनिटं तुम्हाला हलता येत नसे, आणि हलता येत नसलं की तुम्ही बोलायचात. समुद्रकाठचं गाव, आई मासे डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला, तिच्या हाताचा वास साबणानं कधी गेला नाही. म्हणून आमचा बांगडा तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरून खाली घेऊन आला. फुटबॉल तुम्ही वाळूत शिकलात. बहरीनच्या क्लबच्या रेताड मैदानाला बाकीचे परदेशी नावं ठेवत, तुम्ही मात्र पहिल्या दिवशी बूट काढून त्यात पाय रोवून उभे राहिला होतात. मग राजधानीतला मोठा क्लब, मध्येच सक्तीची फौजेतली नोकरी, दूर आफ्रिकेत, तिच्याबद्दल तुम्ही एकदाच बोललात आणि छताकडे बघत बोललात. परत आल्यावर पुन्हा क्लब. देशाचा शर्ट एकदाच अंगावर आला. शेवटची थोडी मिनिटं उरली असताना आत पाठवलं, तुम्ही घाम येण्याआधीच शिट्टी वाजली. त्या शर्टाचं काय केलंत, असं मी विचारलं. आईला दिला, म्हणालात, तिनं तो धुवून कपाटात ठेवला, धुण्यासारखं त्याला काही लागलं नसतानाही.

तुम्ही मधल्या फळीतले. ह्याचा अर्थ काय ते तुम्ही मला क्लिनिकमधल्या कापसाच्या बोळ्यांनी समजावलंत, ट्रेवर मांडून. मागचे अडवतात, पुढचे गोल करतात, मधला माणूस मागून घेतो आणि पुढे देतो. बॉल येण्याआधीच त्याला ठाऊक पाहिजे की तो कुठे द्यायचा. त्यासाठी डोकं वर पाहिजे. बॉल पायाशी आल्यावर जो खाली बघतो त्याला बॉल दिसतो, खेळ दिसत नाही. मी म्हणाले, मग तुमचं नाव पेपरात कशानं येणार. तुम्ही हसलात. गोल करणाऱ्याचं येतं, म्हणालात. पास कुणी दिला ते मैदानावरच्या चारपाच जणांनी पाहिलेलं असतं, ते मेले की पासही गेला. ते तुम्ही कुरकुरत म्हणाला नव्हता. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवतात, तसं काहीतरी साधं सांगावं तसं म्हणालात. माझ्या मात्र ते मनात राहिलं.

गुडघा गेला तो तिथेच, राजधानीच्या मैदानात. कुणीतरी बाजूनं अंगावर पडला. तुम्हाला स्ट्रेचरवर घालून नेलं आणि जाताना तुम्हाला दिसलं ते फक्त आभाळ आणि उचलणाऱ्या एकाची हनुवटी. त्यानंतर तुम्ही तिथे पुन्हा उतरला नाहीत. ऑपरेशन, मग दुसरा लहान क्लब, तिथून नारळ, आणि मग एका ओळखीच्यानं बहरीनचं काम आणलं, शिकवायचं आणि जमलं तर खेळायचं. बायको आली नाही. ती का आली नाही हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. एकदा मी सहज म्हणाले, शिकवताय ते पुरे नाही का, खेळायचं कशाला? शेक बंद झाल्याची घंटा वाजली तरी उठला नाहीत. मग म्हणालात, "मला एकदा मैदानातून चालत बाहेर यायचंय. बस." बस हा शब्द तुम्ही माझ्याकडून उचलला होता, जसे खलास आणि यल्ला हे अरबी शब्द क्लबमधल्या पोरांकडून. तुमच्या तोंडी तो नेहमी हसवायचा. त्या दिवशी नाही हसवलं त्यानं.

त्यानंतर तुमचं ते चालत बाहेर येणं माझंच काम होऊन बसलं. पूर्ण एक मोसम आपण त्यासाठी घालवला. तुम्ही वाळूच्या पिशव्या उचलायचात आणि तुमच्या भाषेत मोजायचात, मी शेजारी उभी राहून तोंड पाहायचे. मांडी भरत गेली. जिन्यावरचं थांबणं कमी झालं, हे आता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ह्यांनाही कळायला लागलं. क्लबचे सेक्रेटरी अधूनमधून क्लिनिकवर यायचे, पांढराशुभ्र पायघोळ थोब, मोठे व्यापारी, बोलण्यात साखर. चहा घेत विचारायचे, कॅप्टन खेळणार ना? मी म्हणायचे, इंशाल्ला. एकदा ते हसून म्हणाले, मॅडम, हे आमचं उत्तर झालं, तुमचं काय? मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. डॉक्टरांचं मत बदललं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकतही नव्हतं. त्यांनी कागदावर सही केली नाही. एवढंच म्हणाले, मी पाहिलं नाही असं समजेन.

शेवटची मॅच आली. तिनं कुणाचं काही वरखाली होणार नव्हतं. तुमचा क्लब गुणांच्या यादीत मधेच कुठेतरी होता, समोरचाही तसाच, म्हणून तुम्हाला उतरवायला सेक्रेटरींची हरकत नव्हती. आदल्या दिवशी तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात आणि आपण तिघांनी मिळून ठरवलं. मी गाडीत बसणार, कारण बाई माणूस बाकावर बसलेलं तिथे बरं दिसलं नसतं. ह्यांची डॅटसन मैदानाच्या कडेला, रेघेला लागून, तोंड आत करून उभी करायची. मी फक्त गुडघ्यावर लक्ष ठेवायचं. तो आत वळायला लागला, काही कमी-जास्त झालंच, की गाडीचे दिवे लावायचे. दिवे दिसले की तुम्ही हात वर करायचा आणि चालायला लागायचं. अडकायच्या आधी, पडायच्या आधी. हे म्हणाले, आणि कॅप्टननं दिव्यांकडे बघितलंच नाही तर? तुम्ही ह्यांच्याकडे असं पाहिलंत की ह्यांनी खाली बघून भात कालवायला घेतला. तुमची मान कधी खाली नसायची, हे तोवर सगळ्या मनामाला ठाऊक झालं होतं.

मी गाडीत बसलेय. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज होऊन गेलीय, ऊन तिरपं झालंय, समुद्राकडून दमट वारा येतोय आणि काचेवर बारीक रेती बसतेय ती हे सारखी पुसताहेत. थोडीच माणसं आहेत. क्लबची मंडळी, काही मुलं, भिंतीवर बसलेले आपले कामगार, सुट्टीचा दिवस म्हणून आलेले. तुम्ही उतरता तेव्हा टाळ्या वाजतात, फार नाही. आणि मग तुम्ही खेळायला लागता, म्हणजे फारसे पळत नाही, मधोमध उभे राहता, मान इकडून तिकडे, आणि बॉल तुमच्याकडे आला की लगेच जातो. हे मला दर मिनिटाला सांगताहेत, आता बघ, आता बघ. माझं सगळं शिक्षण, सगळी नोकरी, वर्षभर उचललेल्या त्या वाळूच्या पिशव्या, सगळं त्या एका पट्टी बांधलेल्या सांध्यात येऊन बसलंय. तो अडकला तर तुम्हाला पुन्हा ते आभाळ आणि कुणाची तरी हनुवटी, आणि ह्या वेळी ते माझ्यामुळे.

मध्यंतरानंतर तुम्ही तो पास दिलात. तो मी आजवर किती जणांना सांगितला असेल, त्याला गणती नाही. बॉल मागून आला, जरा जोरातच. तुम्ही तो अडवलाच नाहीत, शरीर वळवून पुढे जाऊ दिलात, त्यामुळे अंगावर आलेला खेळाडू रिकाम्या जागेला धडकला. मग उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं, बॉलकडे न बघता, हलकेच. दोन बचाववाल्यांच्या मधून तो अशा जागी गेला जिथे कुणीच नव्हतं. लोकांना वाटलं, म्हातारा चुकला. आणि तेवढ्यात सनाबिस गावचा तो तुमचा लाडका मुलगा, अग्निशमन दलात नोकरी करणारा, वाऱ्यासारखा त्या रिकाम्या जागी पोचला. पुढे फक्त गोलकीपर. त्यानं मारला, आणि बॉल खांबाला लागून परत आला. गोल झाला नाही. म्हणजे तो पास पेपरात जायची शक्यताही तिथेच संपली. भिंतीवरच्या लोकांनी डोक्याला हात लावले.

पास सुटला त्याच क्षणी इकडे गुडघा आत वळला होता. अगदी थोडा. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसला नसता. मी म्हणाले, दिवे. हे मैदानाकडे बघत तोंड उघडं टाकून बसले होते. मी आडवी होऊन स्वतःच दिवे लावले. अजून पूर्ण अंधारलेलं नव्हतं, तरी तुम्ही पाहिलंत. मान वर होतीच. तुम्ही एक क्षण तसेच उभे राहिलात, मग हात वर केलात, बदली खेळाडूला खूण केलीत आणि चालायला लागलात. सर्वांत जवळची रेघ चार पावलांवर होती. तुम्ही ती ओलांडलीत, पण तिथे थांबला नाहीत. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलात, दोन्ही गोलपोस्टच्या मागून, सबंध फेरी घालून, सावकाश, सरळ पाठीनं. सेक्रेटरी उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. सनाबिसचा मुलगा डोळे पुसत होता, पण ते खांबाला लागलेल्या त्या बॉलसाठी. मी गाडीत बसून रडले आणि ह्यांनी रुमाल पुढे केला.

तुम्ही गाडीच्या मागच्या सीटवर येऊन बसलात, पाय लांब केलात, आणि मी पट्टी सोडायला वळले. गुडघा भरून आला होता, गरम होता, पण अडकला नव्हता. तुम्ही माझ्या हाताकडे पाहत नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहत होतात. म्हणालात, "पाहिलंत?"

मी म्हणाले, "पाहिलं."

तुमचा चेहरा जो उजळला तो मी विसरलेले नाही. तुम्ही काच खाली केलीत, डोकं मागे टेकवलंत आणि झिंज येईपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. मोसम संपल्यावर तुम्ही गेलात. सौदीला जाणारा पूल अजून व्हायचा होता, एअरपोर्टचा रस्ताही निराळा होता, हे तुम्हाला सोडायला आले आणि माझी ड्यूटी होती. संध्याकाळी घरी आले तर दाराशी ऑलिव्हच्या तेलाचा मोठा डबा ठेवलेला. मी त्यातलं तेल खरोखर स्वयंपाकाला वापरलं, ह्यांच्या कुरकुरीला न जुमानता, आणि रिकाम्या डब्यात तुळस लावली. बहरीन सुटेपर्यंत ती गॅलरीत होती. पुढे पुष्कळ वर्षांनी सनाबिसच्या त्या मुलाचा फोन आला, तोही तोवर निवृत्त झालेला, नातवंडं असलेला. तुम्ही गेल्याचं त्यानंच सांगितलं. शेवटपर्यंत गावातल्या पोरांना वाळूवर शिकवत होतात म्हणे. फोन ठेवताना तो म्हणाला, मॅडम, तो बॉल अजून माझ्या स्वप्नात येतो, आणि तुम्हीही त्या दिवशी होता ना, तुम्हीही पाहिलात. मी त्यालाही हो म्हणाले.

तुम्ही शिकवलेलं मी विसरले नाही, कॅप्टन. गोदीत काम करणारा एक आपला माणूस आठवतो, खांदा निखळलेला, दुखत नाही दुखत नाही म्हणत होता, कारण दुखतं म्हटलं की काम जायचं. मी वर पाहिलं आणि त्याला आणखी दोन आठवडे थांबवलं. असे कितीतरी. ज्यांचं तोंड मी पाहिलं त्या सगळ्यांच्या मागे तुम्ही मनगट धरून उभे होतात. नोकरीभर माझी मान वर राहिली ती तुमच्यामुळे.

फक्त त्या एका संध्याकाळी नाही राहिली. तो पास मी पाहिलेला नाही. वर लिहिलं ते सगळं ह्यांनी सांगितलेलं आहे, इतक्यांदा की मला तोंडपाठ झालं, आणि हे आताही आतल्या खोलीत बसले आहेत, विचारलं तर पुन्हा सांगतील. मैदानावरचं प्रत्येक माणूस तुमच्या उजव्या पायाकडे बघत होतं, आणि मी डाव्या. ज्या क्षणी तो बॉल गेला त्याच क्षणी मी गुडघा वळताना पाहत होते. मी दुसरीकडे पाहिलं असतं तर तुम्ही चालत बाहेर आला नसता, हे मला कळतं, आणि तुम्हालाही कळलं असतं. तरी तुम्ही विचारलंत तेव्हा नाही म्हणवेना. तुमचं ते तोंड पाहिलं आणि नाही म्हणवेना.

मुलगी उद्या सकाळी पुन्हा येईल. पाय वाकवताना मी तुमच्या भाषेतले आकडे मोजते, ती विचारते आजी हे काय म्हणता, मी सांगत नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, पाठवायला जागा नाही. एवढंच मनात येतं की त्या गाडीत मी नाही म्हणाले असते, तर झिंज येईपर्यंत तुम्ही मला तो पास सांगितला असतात, हातवारे करून, पट्टीच्या गुंडाळ्या सीटवर मांडून, तुमच्या त्या मोडक्या इंग्रजीत. मी हो म्हणाले, म्हणून तुम्ही सांगितलाच नाहीत.